दर्शनी भिंत: गुलाबी की पिस्ता

साळूबाईला घाईत काही ठरवताना मी कधी पाहिलं नाही. मेथीची एक जुडी घ्यायची तरी ती चार जुड्या उलटून बघणार. राजूरला तिचं घर माझ्या दारासमोर. मी शिलाई मशीन घेऊन दारातच बसते, म्हणून गिरिजाबाईला समोरच्या घरातलं सगळं कळतं असं गल्ली म्हणते. खोटं कशाला बोलू, कळतंच.

ती लग्न होऊन आली तेव्हा तिचा धाकटा दीर कारभारी पाटी घेऊन शाळेत जायचा. सासू लवकरच गेली. मग कारभारीला न्हाऊ घालण्यापासून त्याच्यासाठी कौसल्या शोधून आणेपर्यंत सगळं साळूबाईनंच केलं. पुढं तिला स्वतःचे दोन मुलगे झाले, पण पहिली भाकरी कारभारीच्या ताटात पडायची. नवरा रामकिसन मोजकं बोलणारा. दोन भावांचं एवढी वर्षं एकत्र कसं काय टिकलं असं कोणी विचारलं, की साळूबाई पदर सावरत सांगायची, ‘आमची चूल एकच हाय.’ याचा तिला एवढा अभिमान होता, की कधी कधी मला तिचा राग यायचा. आमच्या घरात चार चुली झाल्या होत्या ना.

शहाण्णव साली त्यांनी जुनं पत्र्याचं घर पाडून स्लॅबचं बांधलं आणि दिवाळीच्या आधी रंगाचं काढलं. आधी कसं, चुन्यात नीळ कालवली की विषय संपला. आता फकरोद्दीन रंगारी जालन्याहून छापील कार्ड घेऊन आला. त्यावर नखाएवढे रंगाचे चौकोन. साळूबाईनं ते कार्ड असं काही हातात धरलं, जणू पोरीसाठी स्थळ बघतेय. कौसल्येच्या खोलीला मोतिया ठरला, पोरांच्या खोलीला आकाशी, स्वयंपाकघराला पिवळा. दर्शनी भिंतीचं मात्र घोडं अडलं. गुलाबी की पिस्ता? तिनं मला विचारलं, दळण आणायला गेली तर गिरणीवाल्याला विचारलं, दारात आलेल्या बोहारणीलाही सोडलं नाही.

शेवटी फकरोद्दीन वैतागला. ‘भाभी, कार्डावर रंग येगळा दिसतो, भिंतीवर येगळा. दोन्ही लावून बघा.’

‘मंग लाव अर्धाअर्धा. वाळंस्तोर मी गणपतीला जाऊन येते,’ असं म्हणून ती नारळ घेऊन निघाली. त्या दिवशी संकष्टी चतुर्थी होती.

फकरोद्दीनचं काम स्वच्छ. त्यानं दर्शनी भिंतीतल्या दोन दारांच्या बरोबर मधोमध दोरी धरली आणि एका बाजूला गुलाबी, दुसऱ्या बाजूला पिस्ता चढवला. रेघ अशी सरळ आली की बघत राहावं. आणि ती रेघ बघूनच माझं मशीन थांबलं. आमच्याकडं भाऊ वेगळे झाले की तलाठ्याकडं नोंद होईल तेव्हा होईल, त्याच्या आधी घराची भिंत सांगते. ज्याचा भाग त्याचा रंग. साळूबाईच्या डोक्यात हे आलंच नव्हतं, कारण तिच्या डोक्यात वाटणी कधी नव्हतीच.

चतुर्थीची गर्दी आमच्याच गल्लीतून देवळाकडं जाते. लोक थांबायला लागले. एका बाईनं तर हळहळून ‘च्‌ च्‌’ केलं. मला हसू आवरेना. साळूबाई आली की तिला चांगलं चिडवायचं, असं मी ठरवलं होतं.

तेवढ्यात दोघे भाऊ कापसाची गाडी घेऊन रानातून आले. कारभारी गाडीवरून खाली उतरला आणि भिंतीकडं बघून जागीच थिजला. ‘दादा, हे काय?’ एवढंच बोलला. त्याचा चेहरा पार उतरला होता. मी हसत उठले, खरं काय ते सांगायला पायरी उतरत होते. पण माझ्या आधी रामकिसन बोलला.

‘बरं झालं, भिंतीनंच सांगितलं,’ तो म्हणाला. ‘मलाच सांगायचं जमून न्हाई राह्यलं. दोन सालापासून मनात व्हतं.’

माझा पाय पायरीवरच राहिला. मोजकं बोलणारा हा माणूस धडाधड बोलत होता. ‘खालचं रान माझ्याकडं राहू दे, वरचं तू घे. इहिरीचं पाणी पाळीनं. मला दोन पोरं हायेत, त्यांचं बघावं लागंल. सैपाकघर आमच्याकडं. तू मागच्या अंगाला काढून घे. म्हशी एकएक.’ त्याला कुठं अडखळावं लागत नव्हतं. अंगावरचं ओझं उतरल्यासारखा तो मोकळा दिसत होता, आणि तेच मला बघवेना.

गाडीच्या मागं साळूबाई उभी होती. हातात फोडलेला नारळ. ती कधी आली कोणाला कळलं नाही, पण तिनं सगळं ऐकलं होतं.

‘म्याच सांगितल्तं फकरूला,’ ती म्हणाली. ‘रंग बघायला.’

‘म्हंजी?’ रामकिसन म्हणाला.

‘गुलाबी चांगला का पिस्ता, ते बघायला.’

रामकिसननं भावाकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, मग बैलांचं जू सोडायला लागला. ‘मंग राह्यलं,’ तो म्हणाला. ‘मी बोल्लो ते सोडून द्या.’

‘न्हाई दादा,’ कारभारी म्हणाला. ‘तुम्ही म्हणले ते बराबर हाय.’ आणि तो घरात निघून गेला.

फकरोद्दीननं शिडीवरून हळूच विचारलं, ‘भाभी, कोनता ठेवू?’ साळूबाईला प्रश्न कळलाच नाही. तिनं नारळाची वाटी त्याच्या हातात दिली आणि ओट्यावर बसून राहिली.

संक्रांतीच्या आत वाटणी झाली. रामकिसन बोलला होता अगदी तशीच झाली. भांडण नाही, वाद नाही. भिंत तशीच राहिली, पुन्हा रंगवायची गरजच उरली नाही.

नंतर एकदा साळूबाई पोलक्याचं कापड घेऊन आली. माप द्यायला उभी राहिली आणि तशीच खाली बसली. मी म्हटलं, ‘जाऊ द्या बाई, घरोघरी हेच.’ उगीच काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

‘कारभारी येगळा झाला त्याचं रडू येतं, पण ते समजतं मला,’ ती म्हणाली. ‘दोन साल, गिरिजाबाई. रातच्याला हे कुशीवर वळून गप पडायचे. मला वाटायचं रानातून दमून आले. मी पांघरूण घालायची. अन् हे जागेच राहून म्हशी वाटून राह्यले व्हते.’