वझलवार काकांची टीम

वझलवार काका आज सकाळी गेले.
कॅन्सरने गेले, असं सगळे म्हणतील. मला नाही पटत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. काका मूळचे नागपूरचे. इथे ओहायोत एका छोट्या युनिव्हर्सिटीत शिकायला आले आणि तिथेच इंजिनिअरिंग शिकवून रिटायर झाले.

दर शनिवारी तिथल्या फुटबॉल टीमच्या मॅचला माइकवर काका असायचे.
आपला फुटबॉल नाही. अमेरिकन, हेल्मेटवाला.

पहिल्या मॅचला त्यांचे उच्चार ऐकून अख्खं स्टेडियम हसलं होतं म्हणे. पुढे तीच माणसं आपल्या पोरांना काकांचा आवाज ऐकवायला आणायची.

टीम बहुतेक हरायचीच. पण तिचा सगळा इतिहास काकांना तोंडपाठ.

युद्धात पोरं गेली म्हणून टीम बंद पडली, मग जी परत आली त्यांनी स्वतः मैदानातलं गवत कापून ती पुन्हा उभी केली.
एकदा एका हॉटेलने टीममधल्या काळ्या मुलाला आत घेतलं नाही. सगळी टीम बाहेर पडली आणि बसमध्ये नुसता ब्रेड खाऊन खेळायला गेली.
"मॅचपण हरले यार त्या दिवशी," काका सांगायचे आणि चष्मा काढून डोळे पुसायचे.

मागच्या वर्षी घशाचा कॅन्सर निघाला. ट्रीटमेंटमध्ये आवाज गेला. कान अगदी जवळ नेला तरच काही कळायचं.

त्याच सुमारास युनिव्हर्सिटीने जाहीर केलं: ॲडमिशन्स घटल्यात, फुटबॉल बंद.

काका बोर्डाच्या मीटिंगला गेलेच. काकू हायवेवर ड्राइव्ह करत नाहीत, म्हणून इथल्या, ओहायोतल्या डब्लिनहून मी घेऊन गेले. ठरलं असं की ते माझ्या कानात मराठीत सांगणार आणि मी मोठ्याने इंग्लिशमध्ये बोलणार.

चेअरमन शांतपणे म्हणाले, "प्रोफेसर, खरं सांगा, मॅचला आता येतं कोण?"

काकांनी माझा दंड घट्ट धरला.
"सांग त्याला, आम्ही येऊन राहिलो ना. आम्ही माणसं नाही का?"

मी सांगितलं.
चेअरमननी थँक यू म्हटलं आणि पुढचा विषय घेतला.

काका जागचे हलेनात. "एक वर्ष द्या म्हण, केतकी. फक्त एक."
मी सांगितलं.
"प्लीज बसा, मॅम."
"परत सांग."
मी परत सांगितलं.
मग चेअरमननी ब्रेक जाहीर केला आणि सगळे उठून गेले. आम्ही दोघंच उरलो.

या सीझनच्या पहिल्या शनिवारी काका टीमचं जॅकेट घालून माझ्या दारात उभे. मी गाडी काढली.

स्टेडियमच्या गेटला साखळी होती. आतले गोलपोस्टही काढून नेले होते.
काका दोन्ही हातांनी साखळी ओढत राहिले. हात सोलवटले तरी सोडेनात. मी एकेक बोट सोडवलं.

त्या दिवसापासून त्यांनी खाणं सोडलं. ट्यूबलाही नाही म्हणाले.
काकू रोज हात जोडायच्या, "अहो, माझ्यासाठी तरी."
ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

आत्ता काकूंच्या सांगण्यावरून मी युनिव्हर्सिटीला फोन केला.
ऑपरेटरने विचारलं, "कुठलं डिपार्टमेंट?"
मी म्हणाले, "फुटबॉल."
"सॉरी मॅम, आमच्याकडे फुटबॉल नाही."

मी फोन ठेवला.
काकूंना सांगितलं, निरोप पोचला.

काका, शेवटचा नमस्कार करते.