काळ्या तळ्याचं पाणी नितळ झालं

वेर्मलांड प्रांताच्या उत्तर टोकाला डांबरी रस्ता संपतो आणि पुढे नुसतं सुईसारख्या पानांच्या स्प्रूसचं जंगल लागतं. तिथे वालबोर्ग राहायची. घरासमोर काळं तळं, आणि ते होतंही काळंच. दलदलीतून झिरपलेलं, कोऱ्या कॉफीसारखं पाणी, वल्ह्याचं पातं हातभर खाली गेलं की दिसेनासं व्हायचं. या पाण्यात तिने सातव्या वर्षापासून जाळी टाकली. नवरा एवाल्ड गेला तेव्हाही टाकली, आणि अडुसष्टाव्या वर्षी गुडघे कुरकुरत असतानाही वल्ह्याला कुणाला हात लावू देत नव्हती. मुलगा स्तूरे एकदा म्हणाला, "आई, उद्यापासून मी जातो."

"तू लाकडं तोड," ती म्हणाली. "तुझं तोंड बघून मासे पळतील."

मग पाणी नितळ व्हायला लागलं. एका रात्रीत नाही, वर्षानुवर्षं, चोरपावलांनी. आधी नावेच्या नांगराचा दगड दिसला. दोन-तीन वर्षांनी कधीची बुडालेली बादली दिसली. आणि एका जूनच्या सकाळी वालबोर्गने नावेतून सहज खाली पाहिलं, तर आठ वाव खोल गाळात एवाल्डची कुऱ्हाड उभी होती. लग्नाच्या वर्षी गोठलेल्या तळ्यावर बर्फाला भोक पाडताना त्याच्या हातातून निसटलेली. दांडा वर करून उभी, जणू तो आत्ताच ठेवून गेलाय आणि परत येणार आहे.

"इथे होय!" ती म्हणाली, आणि तिला आपलाच आवाज फार मोठा वाटला. काठावर बेडूक नव्हते. तळ्यावरचे पाणपक्षी त्या वर्षीही अंडी घालून बसले होते आणि पिल्लाविनाच उडून गेले होते. जाळं तसंच टाकून ती घरी आली.

शेजारची गेर्दा मात्र खूश. "काय नितळ पाणी झालंय गं! आरशात बघावं तसं." आमच्याकडच्या लोकांचं हे असंच. स्वच्छ दिसलं की चांगलंच असणार, मग पुढे विचार करायचे कष्ट कोण घेतो? खरं सांगायचं तर वालबोर्गही त्यातलीच. जाळ्यात मासे कमी यायचे, पण यायचे ते केवढाले! पट्टेरी, लाल परांचे आबोरे मासे, हाताच्या कोपरापर्यंत लांब. मासा उकडला की कल्ल्यावरचं हाड सुटं होतं. त्यावर झाडाच्या बुंध्यासारखी वर्षांची वळी असतात. मोठ्या माशाची हाडं ती स्वयंपाकघराच्या खिडकीत मांडून ठेवायची. बढाई मारायला काहीतरी हवंच की.

त्या वसंतात सून आनेलीला दिवस राहिले. याआधी दोनदा राहून गेले होते, दोन्ही वेळा चौथ्या महिन्याच्या आत. या खेपेला चौथा सरला, पाचवा लागला, आणि आनेली सासूला नावाने हाक मारायची सोडून 'आजी' म्हणायला लागली. वालबोर्ग वरवर चिडायची, "मला म्हातारी करू नकोस," आणि गोठ्यात जाऊन डोळे पुसायची. त्या घरात रीत होती की सगळ्यात मोठा मासा पोटुशीच्या ताटात जायचा. स्तूरेच्या वेळी तिच्या सासूने तिला तसाच भरवला होता. आता दर शुक्रवारी वालबोर्ग शेपू घालून, लोण्यात घोळवून तो आनेलीला वाढायची आणि स्वतः बटाट्यांवर भागवायची.

सप्टेंबरात जिल्ह्याच्या कचेरीतून एक मुलगी आली, तळ्यांतले मासे तपासत फिरणारी. कॉफी पिता पिता तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. तिने एकेक हाड उचलून वळी मोजली.

"सगळे वीस वर्षांच्या पुढचे," ती म्हणाली. "लहान नाही मिळत?"

लहान आबोरे मासा जाळ्यात शेवटचा कधी आला होता, ते वालबोर्गला आठवेना.

"पाऊस आंबट झालाय. अंडी जगत नाहीत, पाण्यात काही वाढत नाही, म्हणून ते एवढं नितळ. उरलेत ते म्हातारे, वीस-पंचवीस वर्षं पारा साठवत बसलेले."

"पारा? इथे कारखाना कुठाय, बाई?"

"इथे कशाला हवा? लांब कुठेतरी कोळसा जळतो, धुरातून पारा सुटतो, वारा घेऊन येतो. स्प्रूसच्या सुया तो धरतात, गळतात, दलदलीत मुरतात, तिथून तळ्यात. किड्यात थोडा, लहान माशात जास्त, मोठ्यात सगळ्यात जास्त. म्हणून गरोदर बायकांनी तर..."

ती थांबली. दारात आनेली उभी होती, हात पोटावर.

"पण मी तर दर शुक्रवारी खाते," आनेली म्हणाली. "आजी सगळ्यात मोठा मलाच देते."

अजूनही तिच्या आवाजात कौतुकच होतं. वालबोर्गला ते ऐकवेना.

दवाखान्यात आनेलीच्या मानेवरची केसांची बट कापून घेतली. केसात महिन्यांचा हिशोब उतरतो म्हणे, कुठल्या महिन्यात पोटात किती गेलं त्याचा. आकडा वाईट आला. डॉक्टर म्हणाले, पारा बाळाच्या मेंदूवर, कानांवर जातो, किती गेलाय ते बाळ ऐकू, बोलू, चालू लागलं की कळेल. वालबोर्गने जाळी खुंटीला टांगली. खिडकीतली त्या उन्हाळ्याची हाडं चौदा होती. ती तिने फेकली नाहीत. रोज सकाळी त्यांच्याकडे बघायची आणि म्हणायची, "मी भरवलं. माझ्या हाताने भरवलं."

जानेवारीत मुलगी झाली. गोरीपान, निळ्या डोळ्यांची, दहा बोटं हाताची, दहा पायाची. जेमतेम कुणकुणायची, दूध प्यायची, झोपायची. गेर्दा बघायला आली आणि पाळण्यावर वाकली.

"काय शांत बाळ आहे गं! किती गुणी!"

शांत म्हणजे काय, ते वालबोर्गला आता ठाऊक होतं. बाहेर तळं गोठलेलं, पान हलत नव्हतं. तिने चुलीवरच्या मोठ्या पातेल्याचं झाकण उचललं, पाळण्याच्या मागे जाऊन उभी राहिली, आणि ते दगडी फरशीवर सोडून दिलं.

बाळ दचकलं. दोन्ही हात हवेत उडाले, तोंड लाल झालं, आणि असा टाहो फोडला की शेजारच्या खोलीतून आनेली धावत आली. "आजी, वेड लागलंय का तुला?"

वालबोर्ग पाळण्याचा काठ धरून खाली बसली होती. गालांवरून पाणी वाहत होतं. "रड," ती बाळाला म्हणत होती, "रड गं बाई, अजून रड." तळ्यावर कित्येक वर्षांत एवढा आवाज झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आनेली गोठ्यात गेल्यावर, वालबोर्गने झाकण पुन्हा उचललं आणि ती पाळण्याच्या मागे जाऊन उभी राहिली.