बाईंनी मागितलेलं पत्र

बाई कुठलंही चित्र आधी पालथं करून पाहत. कापडाला लागलेली ओल, गंजलेले खिळे, जुनी ठिगळं बघून झाली की मग समोरची बाजू. "तोंड काय, सगळेच रंगवतात," म्हणत.

ही सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. पिंपरीच्या एका कंपनीत मी आठवडाभर नकाशे ट्रेस करायची आणि रविवारी चिंचवडला बाईंकडे चित्रकला शिकायला जायची. "सहा दिवस सरळ रेघा मारतेस, आज जरा हात सोड," असं त्या हसून सांगत.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बाई एका संस्थानात राजवाड्यातली जुनी तैलचित्रं दुरुस्त करत. बाईमाणूस शिडीवर चढून राजांचे चेहरे पुसते, म्हणून कारभारी नाकं मुरडत. तिथले दरबारी चित्रकार हे त्यांचे गुरू. म्हातारपणी गुरूंचा हात कापू लागला, तेव्हा शेवटची अकरा चित्रं बाईंनीच रंगवली; सही मात्र गुरूंची. त्या चित्रांची कच्ची रेखाटनं बाईंच्या वह्यांत होती. मी ती पाहिली होती.

त्यांचा भाचा वसंत पुण्यात कलेवर लेख लिही. "मावशी, तुझ्यावर पुस्तक करतो," म्हणून तो वह्या घेऊन गेला. पुस्तक निघालं ते गुरूंवर. वह्याही गुरूंच्याच ठरून संग्रहालयात गेल्या. बाई एका ओळीत उरल्या: 'दुरुस्तीकामातील मदतनीस'.

ती ओळ त्यांनी मला वाचून दाखवली. आवाज चढला नाही. "तू वह्या पाहिल्यास. तेवढं संग्रहालयाला लिहून दे. माझ्या शब्दाला आता साक्ष लागते."

मी हो म्हटलं. त्याच आठवड्यात वसंतरावांचा निरोप आला, पुण्यात ते भरवत असलेल्या प्रदर्शनात माझं चित्र घेणार होते. पत्राचं त्यांना ठाऊकही नसावं. पण पत्र गेलं तर चित्र लागणार नाही, एवढं मला कळत होतं. मी लिहिलं नाही. दोन रविवार तापाचं निमित्त सांगितलं.

प्रदर्शनाला बाई आल्या. माझ्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. निळा रंग चांगला बसलाय म्हणाल्या. मी पाया पडले, तेव्हा डोक्यावर हातही ठेवला. मग हलकेच म्हणाल्या, "वसंताचं मला फार लागलं नाही गं. तो तसाच होता."

वर्ग त्यांनी बंद केला नाही. मीच जाणं सोडलं. पुढे काही वर्षांनी त्या गेल्याचं मला कंपनीत कळलं, तेही तिसऱ्या दिवशी. जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता, मी पत्र लिहून संग्रहालयाला पाठवलं.

महिन्याभरात उत्तर आलं. संबंधित बाईंनी स्वतः, सहीनिशी अर्ज करावा.