पक्षपंधरवड्यातलं पार्सल

हे मी कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही, आणि ज्यांच्यापाशी बोलायला हवं होतं त्यांच्यापाशी तर नाहीच नाही. तुमच्यापाशी का बोलतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आधी त्या भामट्याबद्दल सांगते. ते सोपं जातं मला.

दौंडला एका हायस्कुलात मी क्लार्क होते. सरकारने कर्मचाऱ्यांना कॉम्प्युटरचा कोर्स सक्तीचा केला आणि आमच्या शाळेत सगळ्यात आधी पास झाले ती मी. मुख्याध्यापकांना माउस धरायला मी शिकवलं. झालं! हवाच गेली डोक्यात. शनिवारी अर्धी शाळा सुटली की स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत तासभर बसायचे, आणि तिथंच मला ती लिलावाची साइट सापडली. घरबसल्या बोली लावायची, ज्याची बोली मोठी त्याची वस्तू. कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवालीशी अर्धा तास हुज्जत घालणारी बाई मी — मला तो खेळ आवडणार नाही तर कुणाला?

शिरूरला माझ्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख. मी भावाला फोनवर ठणकावून सांगितलं, फोटोग्राफर सांगू नकोस, मी डिजिटल कॅमेरा घेतेय, फोटो आत्याच काढणार. माहेरी सगळीकडे बोभाटा झाला. आमची ताई इंटरनेटवरनं कॅमेरा मागवतीय म्हणून भाऊ पारावर सांगत सुटला. आता सांगा, यातनं मागे कसं फिरायचं?

विकणाऱ्याच्या नावातच ‘ऑनेस्ट’ होतं. हसा, खुशाल हसा. मी बोली जिंकले, डिमांड ड्राफ्ट पाठवला, आणि आठव्या दिवशी पार्सल दारात आलं.

पार्सल आणलं बबनमामांनी. गावातल्या कुरिअरच्या ऑफिसात ते पार्सलं वाटायचे. खाकी पिशवी, जुनी मोपेड, कानावर पेन. नऊ-दहा वर्षं तेच काम. शाळेचं टपालही तेच आणायचे, त्यामुळे मला चांगले ओळखत होते. खोकं हातात तोलून म्हणाले, “मॅडम, माझ्यासमोर खोलून बघा. वजन काय कॅमेऱ्यावानी लागत न्हाई. आजकाल लई गडबडी चालल्यात.”

मी कात्री आणायला वळलेसुद्धा. तेवढ्यात सासूबाई आतून कडाडल्या, “पक्षपंधरवडा हाय गं! म्हाळाच्या दिसात नवी वस्तू उघडत्यात व्हय? घट बसू दे, मग काय ती उघड.”

खरं सांगते, माझा स्वतःचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण घरात कटकट नको. मामा दारात उभे राहून पुन्हा म्हणाले, “नुसतं वरनं बघा मॅडम, बाहेर काढू नका.” मला रागच आला. मला, कॉम्प्युटर पास बाईला, हे शिकवणार? म्हटलं, “मामा, सगळं सीलबंद आहे, द्या तो कागद.” सही केली. माल चांगल्या स्थितीत मिळाला, असं त्याच्यावर छापलेलंच होतं. खोकं कपाटावर गेलं.

आणि पुढचा शहाणपणा ऐका. शनिवारी कॅफेत गेले तर त्या भामट्याची मेल आलेली — मॅडम, माल मिळाला असेल, छोटा धंदा आहे, दोन चांगले शब्द लिहा. मी पाच तारे दिले! वर इंग्रजीत लिहिलं, उत्कृष्ट कॅमेरा, खूप समाधानी. खोकं न उघडता! का? वाटलं, बिचाऱ्याने वेळेवर पाठवलं, आपणही वेळेवर लिहावं. मेलीची सभ्यता!

घटस्थापनेच्या दिवशी घट बसले. सासूबाईंनी खोक्याला हळदकुंकू वाहिलं. शेजारच्या दोघी मुद्दाम बघायला आलेल्या. मी वरची टेप सुरीने नीट कापली. आत शहाबादी फरशीचे दोन तुकडे, एका हिंदी वर्तमानपत्रात गुंडाळलेले. सासूबाईंनी एक तुकडा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि विचारलं, “ह्यातनं फोटू कसं काढत्यात?”

शेजारणी हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग सुरू झाली माझी वारेमाप धावपळ. त्या ऑनेस्ट माणसाला चार मेल, उत्तर नाही. साइटवर तक्रारीचा फॉर्म भरला. त्यात एक प्रश्न होता, पॅकिंग शाबूत होतं का? मी लिहिलं, होय, पूर्ण शाबूत. हे लक्षात ठेवा, मी स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं. साइटला फोन लावला तर नुसती गाणी! एसटीडी बूथचं मीटर पळतंय आणि तिकडे पेटी वाजतीय. पोलीस चौकीत गेले. हवालदारांनी विचारलं, लिलाव झाला कुठं? म्हटलं, इंटरनेटवर. ते म्हणाले, “ते कुणाच्या हद्दीत येतं?” काय सांगणार, कपाळ? चौथ्या दिवशी साइटचं उत्तर आलं. तक्रारीची मुदत माल मिळाल्यापासून सात दिवस, ती संपली. शिवाय आपणच माल उत्कृष्ट असल्याचं लिहिलं आहे. सबब, काही करता येणार नाही.

ते पाच तारे नवऱ्याला कोणत्या तोंडाने सांगणार होते मी? आणि शिरूरला काय सांगणार होते?

नवरा आपला साधेपणाने म्हणाला, कुरिअरवाल्यांना विचार की. वाटेत कुणी फोडलं असेल तर ते भरपाई देतात. त्याच्या मनात काही नव्हतं. पण माझ्या मनात तिथंच...

थांबा. सांगते.

ते हिंदी वर्तमानपत्र त्या भामट्याच्याच शहरातलं होतं. म्हणजे फरशी तिथंच भरलेली होती, हे शेंबड्या पोराला कळलं असतं. मला कळलं होतं. मी ते वर्तमानपत्र बंबात घातलं. खोक्याची खालची टेप अखंड होती. दुपारी घरात कुणी नसताना मी ती सुरीने फाडली आणि शाळेतनं आणलेली साधी चिकटपट्टी त्याच्यावर लावली. एकदा लावून थांबले का? नाही. नीट बसली नाही म्हणून दुसऱ्यांदा लावली.

मग कुरिअरच्या ऑफिसात लेखी तक्रार दिली. अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं. लिहिलं, की पार्सलची खालची टेप फाडून पुन्हा चिकटवलेली आढळली. आणि पुढे आणखी एक वाक्य. कुणी मागितलं नव्हतं ते. की कर्मचाऱ्याने घाईघाईत सही घेतली, खोकं उघडून बघू दिलं नाही.

बघू दिलं नाही! जो माणूस दोनदा म्हणाला उघडून बघा, त्याच्याबद्दल लिहिलं मी हे.

ऑफिसातल्या साहेबाने मामांना माझ्यासमोर बोलावलं. मामा एवढंच म्हणाले, “मॅडम, मीच म्हणलं व्हतं ना तुम्हाला खोला म्हणून? आठवा की जरा.” मी साहेबाकडे बघून म्हणाले, मला तसं काही आठवत नाही. साहेबाने दुसरा प्रश्न विचारला नाही. सासूबाईंना विचारलं असतं, तर त्यांनी दारातलं बोलणं ऐकलेलं होतं. पण त्याही घरी म्हणाल्या, “मला वाटलंच व्हतं.” काय वाटलं होतं? मामा बौद्ध वस्तीतले होते. शेजारणींना पटलं, साहेबाला पटलं, कुणाला पुरावा लागला नाही. आणि सगळ्यांना ते चटकन पटेल, हे टेप फाडताना मला माहीत होतं. त्या भामट्याने मला फसवलं तेव्हा तो मला निदान ओळखत तरी नव्हता.

मामांना काढून टाकलं. मला भरपाई मिळाली. पुण्याहून कॅमेरा घेतला, लग्नात मिरवले, फोटो छान आले. शिरूरच्या घरी त्यातला एक फोटो भिंतीवर आहे. माहेरी गेले की त्या भिंतीकडे पाठ करून जेवायला बसते. मामांची मुलगी पुण्यात नर्सिंगला होती, तिचं शिक्षण मध्येच सुटल्याचं कानावर आलं. मी चौकशी केली नाही. केली असती तर काय करणार होते?

तीन वर्षांनी एकदा पुण्याला जाताना एसटी भांडगावजवळ एका हॉटेलवर चहाला थांबली. तिथं एक माणूस शिट्टी वाजवून गाड्या लावून घेत होता. बबनमामा. केस पार पिकलेले. मी तोंड फिरवलं, पण त्यांनी ओळखलं आणि सरळ माझ्याकडे आले. वाटलं, आता चार लोकांत माझी लाज काढणार. काढायलाच हवी होती. शिव्या दिल्या असत्या तरी ऐकून घेतल्या असत्या. निदान असं मी आज म्हणते.

मामांनी शिट्टी खिशात घातली. म्हणाले, “मॅडम, लई दिस झालं, बोलायचं ऱ्हाऊन गेलं व्हतं. ती टेप तिकडं गोदामातच कुणीतरी फाडली असंल. माझ्या ध्यानात आलं न्हाई, खालनं बघायला पायजे व्हतं मी. आन् तुम्हाला खोलायलाच लावायचं, तर मी आपला गप बसलो. तुमचं नुकसान झालं. चूक माझीच हाय.”

त्यांनी हात जोडले.

कंडक्टरने बेल मारली. सांगायला वेळ होता — एक वाक्य तर होतं. टेप मी फाडली, मामा.

मी म्हणाले, “जाऊ द्या मामा. मी काही मनात ठेवलेलं नाही.”

आणि गाडीत जाऊन बसले.