भांड्यांची मशीन पाणीच पिईना!

गेल्या रविवारी दुपारी जेवणं उरकली आणि आमच्या स्वयंपाकघरात नाटक सुरू झालं. डिशवॉशर पाणीच घेईना! बटण दाबलं की घुर्रर्र करायचा, जरा दम खायचा आणि मग नळाचं चित्र लुकलुकवत बसायचा. आत खरकटी भांडी तशीच...

आता तुम्ही म्हणाल, सोलापुरात डिशवॉशर? नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं तिथं ही कसली चैन? अगदी हेच आमच्या अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या होत्या. "भांडी घासायला बी करंट लागतो का गं आता?"

पण मध्यंतरी पाय घसरून त्यांचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी डॉक्टरांनी घासणं-पिळणं बंद करायला सांगितलं. ऐकतील त्या अव्वा कसल्या! मी शाळेत शिकवायला गेले की इकडे कढया घासून पालथ्या, आणि संध्याकाळी मनगट टम्म सुजलेलं. कामाला बाई लावली तर तिनं घासलेलं यांना पटेना, पुन्हा स्वतः घासायच्या. शेवटी मीच हट्टाने ही मशीन आणली.

आठवडाभर मशीन छान चालली. अव्वा काही बोलल्या नाहीत, पण सिंकपाशी जाणं थांबलं होतं. हाताची सूजही उतरायला लागली होती... आणि आता हे!

नवरा नोकरीनिमित्त पुण्यात असतो, त्याला व्हिडिओ कॉल लावला. सिंकखालचा नळ बघितला, चालू. वरची टाकी भरलेली. पाइपला कुठं पीळ नाही. तळाशी टोपीसारखा एक फ्लोट असतो, तो अडकला तर मशीनला पाणी भरल्यासारखं वाटतं म्हणे. तोही हलवून पाहिला, मजेत वर-खाली होत होता. कंपनीला फोन केला, तर त्यांचा माणूस बुधवारी येणार.

"अव्वानंच काहीतरी केलं असेल बघ," नवरा म्हणाला. "तिला ती मशीन आवडलेलीच नाही."

मी त्याला गप्प केलं खरं... पण खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच आलं. अव्वांच्या घरात नव्या माणसाला जागा मिळणं सोपं नाही, हे मला माहीत होतं. मी लग्न होऊन कोल्हापूरहून आले, तेव्हा सगळे एका माठातलं पाणी प्यायचे आणि माझा तांब्या मात्र वेगळा. फार लागलं होतं मनाला. पण नव्या सुनेनं विचारायचं तरी कुणाला?

तेवढ्यात अव्वा पदर खोचून हजर. "राहू दे गं, चार तर भांडी हायत. घासते की मी." आणि चक्क घासणी उचलली! म्हणजे इतक्या दिवसांचं सगळं पाण्यात... आणि मशीनमध्ये पाणी नाही ते नाहीच. माझं डोकंच सटकलं. घासणी हातातून काढून घेतली, त्यांना खुर्चीवर बसवलं आणि नळ बंद करून सिंकखाली शिरले.

पाइपच्या आट्याला हात लावला मात्र, पेपरमागून सासऱ्यांचं, अप्पांचं, खाकरणं सुरू झालं. एरवी हा माणूस भूकंप झाला तरी पेपरमागून हूं की चूं करणार नाही...

पाइप सुटला आणि बघते तर काय! नळ आणि पाइपच्या मध्ये दुहेरी घडी घातलेलं फडकं. काठ ओळखीचा होता, अप्पांच्या जुन्या धोतराचा. गाळ साचून साचून नुसता चिखलाचा गोळा झालेला. त्यातून थेंब तरी कसा जाणार?

आमच्याकडे नळाला फडकं बांधायची रीतच आहे. पाणी आलं की आधी गढूळच येतं, गाळल्याशिवाय कुणी भरत नाही. पण मशीनच्या पाइपात? मी अप्पांकडे बघितलं. त्यांनी पेपरमागूनच बोट अव्वांकडे केलं.

"व्हय, मीच लावायला लावलं ह्यांना," अव्वा म्हणाल्या. मग ते फडकं बघितलं आणि चेहराच पडला त्यांचा. "अय्यो! म्हंजे मीच तिचा गळा आवळला की गं!"

"पण अव्वा, कशाला?"

"कशाला म्हंजे? नवीन हाय ती. नव्या माणसाला आपलं पाणी बाधतं की. तू आलीस तवा तुला बी उकळून, गाळून, वेगळ्या तांब्यात ठेवत होते न्हवं? आजारी पडली असतीस तर तुझ्या आईला काय तोंड दाखवलं असतं?"

मी तशीच फरशीवर बसून राहिले. हातात चिखलानं माखलेलं फडकं, आणि डोळ्यांना धारा. इतकी वर्षं मी समजत होते की मला वेगळं काढलं होतं... वेडी कुठली मी!

अव्वांना वाटलं मी मशीनसाठी रडतेय. "हुईल गं बरी ती," म्हणून पाठीवरून हात फिरवत बसल्या. त्याच दुखऱ्या हाताने.

पाइपात मशीनची स्वतःची बारीक जाळी असते, ती त्यांना दाखवली. पाइप जोडला, बटण दाबलं आणि आत पाण्याची धार सुरू झाली. अव्वांनी दाराला कान लावून ऐकलं. "पितीया," म्हणाल्या. परवा पाणी येऊन गेलं, तर त्यांनीच जाळी धुवायची आठवण केली आणि अप्पा निमूट सिंकखाली शिरले.

आज मी माळ्यावर चढून तो तांब्या शोधून काढला. पार काळा पडलेला. चिंच लावून लखलखीत घासला... मशीनमध्ये नाही, हातानं. आणि भरून अव्वांच्या शेजारी बसून त्यातलंच पाणी प्यायले.