ब्रीडाबाईंचा कुलवृत्तांत

समोरच्या माणसाचे पूर्वज त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतात, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे आणि नेमकी त्याचीच मुलगी मला सांगून आली. माझे सासरे भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाले ते फक्त पगारापुरते. पुढची बारा वर्षं त्यांनी आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहिण्यात घालवली. नऊशे पानं! त्यातली आठशे नव्वद तरी जन्मले, लग्न झालं, वारले यातच संपतात म्हणे. पहिल्या दिवाळसणाला मला अंगठीऐवजी तो ग्रंथ मिळाला. मी तो आजतागायत उघडलेला नाही.

२०२०च्या फेब्रुवारीत ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आयर्लंडमध्ये लिक्सलिपला आले आणि विमानं बंद पडल्याने दीड वर्ष राहिले. मी कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात बारा तासांची शिफ्ट करून, गालावर मास्कचे वळ घेऊन घरी यायचो, तर हे दारातच विचारणार, "जावईबापू, तुमच्या पणजोबांच्या थोरल्या भावाचं नाव काय?" अहो, त्या क्षणी मला माझं नाव आठवत नसे! पोस्टमनला त्यांनी खिडकीतून मूळ गाव विचारलं. तो म्हणाला, इथलंच. "त्याच्या आधी?" इथलंच. "छे! मूळचं इथलं कुणीच नसतं," असं बिचाऱ्याला ऐकवून यांनी खिडकी लावून घेतली.

शेवटी शेजारच्या ब्रीडाबाई त्यांच्या तावडीत सापडल्या. वय ऐंशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, भाऊ सगळे गेलेले. अमेरिका नुकती वसत होती तेव्हा त्यांच्या घराण्यातला एकजण इथल्याच वॉटरफोर्डहून पेनसिल्व्हेनियात गेला, जंगल तोडून त्याने शेती केली, एवढंच त्यांना ठाऊक. त्याच्या मृत्युपत्राची नक्कल बिस्किटांच्या डब्यात होती. बागेच्या भिंतीपलीकडून, दोन मीटर अंतर राखून त्या म्हणाल्या, "तिकडे माझं कुणी उरलंय का, एवढं कळलं तर ग्रँड. एक पत्र लिहीन म्हणते."

झालं! सासऱ्यांना आयतं कूळ मिळालं. तीन महिने त्या आयरिश शेतकऱ्याने आमचं जेवणाचं टेबल अडवलं आणि आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो. "यांना गोत्रच नाही, माणसाने काम करायचं कसं?" ही कुरकुर तोंडी लावायला होतीच. मग एका सकाळी माकडटोपी घालून त्यांनी भिंतीशी निकाल दिला, "सॉरी मॅडम. फॅमिली फिनिश्ड."

"थँक यू, लव्ह," म्हणून ब्रीडाबाई वाळत घालायचे कपडे तसेच टाकून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचे पडदे उघडले नाहीत. माझं टाळकं सटकलं. टेबलावरचा वंशवृक्ष उचलून पाहिला, तर त्या शेतकऱ्याच्या नावाखाली लिहिलेलं, 'कन्या चार, विवाहित. शाखा खुंटली.'

"बाबा, या चौघींचं पुढे काय झालं?"

"त्या सासरी गेल्या. कुलवृत्तांतात मुलीची शाखा धरत नाहीत."

"मृत्युपत्रात नावं आहेत त्यांची!"

"असतील. नियम म्हणजे नियम."

तेवढ्यात बायको बाहेर आली. ती कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. "बाबा, तुमच्या पुस्तकात तुमच्या नावाखाली काय लिहिलंय?"

नऊशे पानं तोंडपाठ असलेला माणूस टेबलावरचे कागद सारखे करू लागला! मग तिनेच सांगितलं. "कन्या एक, विवाहित. शाखा खुंटली. माझं नावसुद्धा नाही." ती त्यांची एकुलती एक. ज्या पुस्तकाची मी इतकी वर्षं टिंगल केली, ते तिने वाचलं होतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

सासरे त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी उठून त्यांनी चौघी मुलींचा माग काढायला घेतला. दुसऱ्या मुलीच्या वंशातली एक निवृत्त शिक्षिका ओहायोत सापडली. ब्रीडाबाईंनी पत्र लिहिलं. २०२१च्या उन्हाळ्यात, सासरे परत जायच्या आठवड्यात, उत्तर आलं. चार पानी. ब्रीडाबाईंनी ते भिंतीपाशी रडत-हसत दोनदा वाचून दाखवलं आणि विचारलं, "आणि तुमच्यामागे तुमचं कोण?"

आता नऊ पिढ्या ऐकाव्या लागणार म्हणून मी मनात कपाळावर हात मारला. सासऱ्यांनी मागे वळून दारात उभ्या असलेल्या माझ्या बायकोकडे बोट केलं. "आफ्टर मी, शी. माय डॉटर. गायत्री."

ब्रीडाबाईंना ते नाव पाकिटाच्या मागे लिहून घ्यायचं होतं. सासरे एकेक अक्षर सांगू लागले, सावकाश, चुकू नये म्हणून पुन्हा पहिल्यापासून. गायत्री आत जाऊन नळ सोडून रडली. आणि या माणसाने बोलणं थांबवू नये, असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं.