शिसमाचं लाटणं

परवा सुनेनं नव्या पोळपाटाला जवसाचं तेल चोळलं आणि त्या वासानं माझं डोकंच उठलं. लढाईचे दिवस आठवले. आमचे हे जबलपूरच्या तोफांच्या फॅक्टरीत डबल ड्यूटी करून येत आणि दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या खोलीत फॅक्टरीतल्या साहेबांना भेट द्यायला शिकारीचा सुरा घासत बसत. पातं जुन्या कानशीचं होतं. मुठीसाठी यांनी माझं जाडजूड लाटणं कापलं, आईनं दिलेलं, शिसमाचं. "काहून कापलं हो?" म्हटलं, तर म्हणाले, "लाकडाचा तुकडा तर आहे. साहेब खूश झाले पाहिजेत." मूठ साहेबांच्या हाताला नीट बसावी म्हणून माझ्याच कणकेच्या गोळ्यावर त्यांच्या बोटांचा ठसा घेऊन आले. जवसाचं तेल पिऊन पिऊन ती मूठ आरशासारखी चमकायला लागली, आणि मी बाटलीनं पोळ्या लाटत होते. दिवाळीला फराळ द्यायला साहेबांच्या बंगल्यावर गेलो, तर माळी त्याच सुऱ्यानं गवत खुरपून राहिला होता, मूठ चिखलानं माखलेली. मी यांच्याकडे पाहिलं. "चूप रहा, चलो," म्हणाले आणि आत जाऊन साहेबांना वाकून नमस्कार केला. हे जाऊन आता बरीच वर्षं झाली. लोक अजून म्हणतात, त्यांच्या हातात कला होती. होती ना. लाटणं माझं होतं.